शब्दचर्चा : ‘स्मॉल लेटर’ला मराठीत काय म्हणावं?

पेरूची_फोड : मुलांसाठी गोष्टींची एक मालिका लिहितेय. त्यातल्या बेटावरच्या लोकांची स्वतःची लिपी आहे. दगडावर कोरायची अक्षरं तयार झाली : सरळ रेघा, कोन, एकदोन वर्तुळं. आता हेच लोक पत्रं लिहितात, तेव्हा हाताने लिहायची ‘स्मॉल’ अक्षरं हवीत. गोष्टीतले आजोबा ती नातीला शिकवतात. त्यांच्या तोंडी ‘स्मॉल लेटर’ शोभत नाही. ‘लघुलिपी’ चालेल का? आणि मोठ्या अक्षरांवरून लहान काढायची कशी? नुसता आकार कमी केला तर पानावर मुंग्या लागल्यासारख्या दिसतात.

खिळेजुळारी : ‘लघुलिपी’ नको. वाचकाला लघुलेखक आठवेल, शॉर्टहँडवाला. इंग्रजीत स्मॉल लेटरला ‘लोअरकेस’ म्हणतात, त्याचं शब्दशः मराठीही करू नका. तो शब्द छापखान्यातला. खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. ती जुळवणाऱ्या जुळाऱ्यासमोर खिळ्यांच्या दोन केस, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, असायच्या. कॅपिटलचे खिळे वरच्या केसमध्ये आणि सतत लागणारे खालच्या, हाताशी. (हे रोमनपुरतं. देवनागरीचे खिळे दोन केसमध्ये मावायचेच नाहीत.) तुमच्या बेटावर छापखाना नसेल तर ‘वरची-खालची’ला अर्थ उरत नाही.

चाररेघी : आमच्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू व्हायचं आणि बाई चार लिप्या शिकवायच्या. पहिली लिपी म्हणजे कॅपिटल, दुसरी स्मॉल, तिसरी-चौथी कर्सिव्हमधली मोठी आणि लहान. चाररेघी वहीत गिरवून गिरवून बोट दुखायचं. आजोबा ‘आता दुसरी लिपी काढ’ म्हणाले तर माझ्या पिढीला लगेच कळेल. आजची मुलं मात्र दुसरी म्हणजे इयत्ता समजतील.

बोरूटाक : ताई, ‘मोठी-लहान’ या जोडीनेच तुमची अक्षरं अडवली आहेत असं मला वाटतं. रोमन स्मॉल अक्षरं कॅपिटल आखडून झालेली नाहीत. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरचा लेख इ.स. 113चा. ती अक्षरं आजच्या कॅपिटलसारखीच. पण त्याच काळात माणसं मेणाच्या पाटीवर, पपायरसवर भराभर लिहीतच होती. त्या घाईच्या हातांतून शतकानुशतकं आकार बदलत गेले आणि इ.स. 800च्या सुमारास युरोपातला राजा शार्लमेन याच्या राज्यातल्या मठांत त्यांना नेटकं वळण मिळालं. आजची स्मॉल अक्षरं मुख्यतः तिथली. कॅपिटल ‘बी’चा वरचा फुगा गळाला. ‘एच’च्या उजव्या खांबाचा वरचा अर्धा भाग गेला. ‘ई’चे कोन गोल झाले.

म्हणून फरक मोठ्या-लहानाचा नाही, कोरण्याचा आणि धावण्याचा आहे. आपल्याकडे त्याला जवळचं म्हणजे बाळबोध (आपली नेहमीची देवनागरी) आणि मोडी. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. मी शब्द सुचवेन ‘कोरीव अक्षर’ आणि ‘धावतं अक्षर’.

काढण्याची रीतही त्यातच आहे. बेटावरचे लोक कशाने लिहितात ते आधी ठरवा : काडी, कुंचला, बोरू. त्याच साधनाने एकेक कोरीव अक्षर भराभर लिहा, सुंदर करायला जाऊ नका. हात कुठे उचलायचा विसरतो, कोन कुठे वळतो, पुढच्या अक्षराकडे रेघ कुठून निघते, ते पाहा. सगळी अक्षरं एकाच उंचीची झाली तर डोळ्याला धरायला काही राहत नाही. काहींच्या दांड्या वर जाऊ द्या, काहींच्या शेपट्या खाली.

खिळेजुळारी : शब्द आवडले, पण मोडी म्हणजे लोअरकेस नव्हे. मोडी पत्रात विशेषनाम आलं म्हणून त्याचं पहिलं अक्षर कुणी बाळबोध काढत नसे. एकाच मजकुरात एकाच अक्षराची दोन रूपं, दोघांना वेगळी कामं, तेव्हाच त्याला अप्परकेस-लोअरकेस म्हणायचं. आणि नुसता आकार कमी करणंही अगदीच चूक नाही. अमेरिकेतल्या यूटामध्ये 1850च्या दशकात मॉर्मन पंथाच्या लोकांनी इंग्रजीसाठी देझरेट लिपी केली. तिच्यात मोठं आणि लहान अक्षर दिसायला सारखंच, फक्त मापाचा फरक. रशियन छपाईतली बरीचशी लहान अक्षरंही कॅपिटलचीच छोटी रूपं आहेत.

बोरूटाक : मोडीचं मान्य. पण रशियन माणूस हाताने लिहितो तेव्हा पाहा : छापील ‘त’ म्हणजे एक खांब आणि वर आडवी दांडी, हाती लिहिताना तेच होतं तीन पायांचं, रोमन ‘एम’सारखं. ताईंना छापायचं नाहीये, पत्र लिहायचंय.

जाता जाता : तिबेटीत उचेन आणि उमे अशा दोन पद्धती आहेत, अर्थ डोकं असलेली आणि डोकं नसलेली. भराभर लिहायची ती बिनडोक्याची. आजोबांना ही कोटी द्यायला हरकत नाही.

पेरूची_फोड : ‘कोरीव’ आणि ‘धावतं’ नक्की केलं. काडीने लिहूनही पाहिलं. आता वेगळीच अडचण. एक अक्षर चौकोनात टिंब आहे, दुसरं नुसतं वर्तुळ. भराभर लिहिलं की दोन्हींचं एकच वेटोळं होतं.

बोरूटाक : टिंब बाहेर काढा. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ शेजारी आले की नुसत्या उभ्या रेघांची रांग दिसायची. म्हणून ‘आय’वर खूण करू लागले, तिचंच पुढे टिंब झालं. शब्द लिहून झाला की वर टिंब द्यायचं. नातीला ते विसरायलाही सोपं, म्हणजे तुम्हाला एक प्रसंग फुकट.

चाररेघी : पण वाक्य कोरीव अक्षराने सुरू करायचं की नाही?

खिळेजुळारी : सक्ती नाही. जॉर्जियन लिपीत ‘म्तावरुली’ नावाची मोठी अक्षरं आहेत, 2018 साली युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही, आली. पण वाक्याच्या किंवा नावाच्या सुरुवातीला ती घालत नाहीत. मथळ्यासारखा मजकूर असेल तर अख्खे शब्द त्यांत लिहितात. बेटावर कोरीव अक्षरं दगडावर आणि पत्राच्या वर गावाच्या नावापुरती ठेवली तरी पुरे.