खारीच्या अनाथ पिल्लांचे त्वचाविकार : अनुभव धागा

पावसाळ्याआधीची फांदीछाटणी सुरू झाली की खारीची पिल्लं खाली पडू लागतात. एसीच्या बाहेरच्या युनिटमधली, शटरच्या खोक्यातली, गच्चीतल्या अडगळीतली घरटीही याच सुमारास साफ होतात. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला : "अंगाला कोंडा सुटलाय, काय लावू?" बचाव केंद्रांत, दवाखान्यांत आणि रात्री-अपरात्री दूध पाजण्यात ज्यांचा हात बसलाय त्यांना इथे लिहायचं आमंत्रण आहे. अट एकच. पिल्लाचं नाव काय ठेवलं आणि ते किती गोड होतं, हे नको. काय लावायचं, किती, कसं, आणि कुठे घोटाळा होतो तेवढं लिहा.

पिल्लू धडधाकट असेल तर त्याची जागा आईपाशी. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत चुकीची आहे. ऊब देऊन, उघड्या खोक्यात, झाडाजवळ उंचावर ठेवा आणि दूर राहून बघा. मांजरं-कावळ्यांवर मात्र नजर हवी. खार वन्यप्राणी आहे, घरात पाळता येत नाही. वनविभागाचा मदत क्रमांक 1926.

बचाव केंद्राच्या नर्सरीतून

आधी नॉर्मल काय ते सांगते. केस येण्याआधी उघड्या गुलाबी कातडीवर पाठीचे पट्टे गडद दिसू लागतात. तो डाग नाही, भाजलेलंही नाही. केस फुटताना पाठीवरून बारीक, कोरडी, पांढरी साल सुटते. खाली कातडी गुलाबी, खाज नाही, वास नाही, पिल्लू दूध पितंय : काही लावू नका.

काळजी कधी करायची? कातडी लाल किंवा ओलसर असेल, पिवळट खपली धरली असेल, केस पुंजक्याने जात असतील, पिल्लू झोपेतही खाजवत असेल तेव्हा. सालीचे मोठे पापुद्रे निघत असतील तर बहुतेक वेळा अंगात पाणी कमी आहे. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती झटकन बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली, की मलमाचा विचार बाजूला ठेवा.

क्रम असा. पहिल्यांदा ऊब. बिनकेसाच्या पिल्लाला भोवतालचं तापमान 32 ते 35 अंश लागतं, केस आलेल्याला 28 ते 30. गार पिल्लाच्या पोटात काहीही घालायचं नाही, ते पचत नाही. अंग ऊबदार लागलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट अंदाजाने ओतू नका, मीठ जास्त होतं. कोमट करून, सुई काढलेल्या 1 मिलिच्या सिरिंजने, थेंब-थेंब. एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणजे 20 ग्रॅमच्या पिल्लाला 1 मिलि. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

हवा कोरडी असेल तर खोक्याच्या एका कोपऱ्यात, पिल्लाला बुडता येणार नाही अशा झाकणबंद डब्यात ओला स्पंज ठेवा आणि झाकणाला भोकं पाडा. ओलं फडकं थेट पिल्लाखाली घालणारे भेटतात. त्याने फक्त थंडी आणि बुरशी मिळते.

दूध पाजणाऱ्यांच्या गटातून

हनुवटी, गळा आणि छातीवरचे केस गेलेलं पिल्लू दिसलं की लोक नायट्याचं मलम शोधतात. दहातल्या बहुतेकांना दूध सुकलेलं असतं. सांडलेलं दूध आंबतं, चिकट कवच बनतं, त्याखाली कातडी सोलवटते. नखाने खरवडू नका, केस मुळासकट येतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा त्या जागी मिनिटभर नुसता धरून ठेवा. कवच मऊ पडून फुगतं, मग केसांच्या दिशेने पुसा. एकदा पुसून निघालं नाही तर पुढच्या दुधाच्या वेळी उरलेलं. नंतर सुक्या मऊ कापडाने टिपून ऊब. पाजताना गळ्याशी गॉजची घडी अडकवली की हा प्रकार उद्भवतच नाही.

दुसरी जागा : पोटाचा खालचा भाग, मांड्यांच्या आतली बाजू, शेपटीचं मूळ. तिथे लाली म्हणजे लघवीने भाजलंय. डोळे न उघडलेली पिल्लं आपण होऊन शू-शी करत नाहीत, आई चाटते तेव्हा करतात. आपण दर दुधाच्या आधी आणि नंतर ओल्या कोमट बोळ्याने हलकेच चोळायचं. चोळतात सगळे, नंतर कोरडं करायचं विसरतात. लाली आली असेल तर कोमट पाण्याने पुसा, टिपा, फडकं दर खेपेला बदला. बाळांच्या लंगोटाच्या पुरळाचं क्रीम लावू नका. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं आणि पिल्लू ते चाटून पोटात घालतं.

फडकं जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं. टर्किशच्या टॉवेलच्या फासांत नखं अडकून बोटं सुजतात. धुताना फॅब्रिक कंडिशनर नको.

आणखी एक, याकडे लक्ष जात नाही : एकत्र ठेवलेली अनाथ भावंडं एकमेकांची जननेंद्रियं चोखतात. नराच्या तिथे सूज, मग खपली, आणि खपलीने मूत्रमार्ग बंद. थेंबभर जरी लाली दिसली तरी त्याच क्षणी पिल्लं वेगळी करा, प्रत्येकाला गुंडाळायला कापड द्या.

गायीच्या दुधाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गायीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. गायीच्या दुधाने जुलाब लागतात, जुलाबाने पाणी कमी होतं, आणि गाडी पुन्हा कोंड्यावर येते. कुत्र्याच्या पिल्लांची दूध-पावडर त्यातल्या त्यात बरी.

पशुवैद्यकाकडून

लूत आणि नायटा यांत लोक गल्लत करतात, आणि फोटो पाहून आम्हीही करू शकतो. लूत माइट्समुळे, म्हणजे कातडीतल्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे : प्रचंड खाज, कानाच्या कडा, कोपरं, नाकाचा शेंडा यांवर जाड राखाडी खपली. नायटा बुरशीमुळे : गोलसर टक्कल, कडेला तुटलेले केस, भुकटीसारखा कोंडा, खाज कमी किंवा नाहीच. खात्रीसाठी कडेची खरवड घेऊन काचपट्टीवर बघावीच लागते, माइट्ससाठी लिक्विड पॅराफिनच्या थेंबात, बुरशीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. वुड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा तपासणीचा दिवा) हिरवं चमकलं नाही म्हणून बुरशी नाही, असं समजू नका. बुरशीच्या काही जातीच चमकतात.

आता आयव्हरमेक्टिन, म्हणजे लुतीचे माइट्स मारायचं औषध. दुकानात सहज मिळतं आणि जितकी पिल्लं वाचवतं, त्याहून जास्त घरगुती मात्रेने दगावत असावीत असं माझं मत आहे. हिशेब बघा. मात्रा किलोला 0.2 मिलिग्रॅम. पिल्लू 40 ग्रॅमचं, म्हणजे लागणार 0.008 मिलिग्रॅम. बाटलीत 1 टक्का, म्हणजे मिलिला 10 मिलिग्रॅम. म्हणजे हवं ते 0.0008 मिलि. यू-40 (मिलिला 40 युनिटच्या) इन्सुलिन सिरिंजवरची एक बारीक रेघ 0.025 मिलि. "एकच रेघ दिली" म्हणजे तीसपटीहून जास्त मात्रा दिली. आम्ही ते प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये शंभरपट पातळ करतो, मग 0.08 मिलि मोजता येतं. पाण्यात पातळ करू नये, औषध सारखं मिसळत नाही, पहिल्या पिल्लाला पाणी आणि शेवटच्याला विष मिळतं. माइट्सच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून साधारण 14 दिवसांनी दुसरी मात्रा. बिनकेसाच्या आणि अशक्त पिल्लाला आधी पाणी-वजन सुधारून मगच. हे काम दवाखान्यातच होऊ द्या.

नायट्याला क्लोट्रिमाझोल 1 टक्का किंवा मायकोनाझोल 2 टक्के, साधं, दिवसातून दोनदा, डागाच्या बाहेर अर्धा सेंटिमीटरपर्यंत. मोहरीएवढं पुष्कळ होतं. दूध पाजण्याच्या अगदी आधी लावा, म्हणजे दहा मिनिटं तोंड सिरिंजमध्ये गुंतलेलं राहतं. नंतर उरलेलं टिपून घ्या. केस दिसू लागल्यावर लोक उपचार थांबवतात आणि नायटा परत येतो. डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

आणि ते "तीन औषधं एकात" वालं मलम, घरोघरी असतं ते. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, सगळे खूश. बुरशी आत पसरत राहते आणि इवल्या अंगात स्टेरॉइड कातडीतून शोषलं जातं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर परत ठेवा.

खोबरेलाबद्दल

"दोन थेंब खोबरेल लावलं की कोंडा जातो" हे खरं आहे. दिसायला जातो. बोटांच्या टोकांवर एक थेंब चोळून कोरड्या पाठीवर नुसता हात फिरवला तर हरकत नाही, तेही दिवसातून एकदा आणि कातडी अखंड असेल तरच. पण केस आलेल्या पिल्लाला तेलाने चोपडलं की केस चिकटतात, ऊब धरत नाहीत आणि ते थंड पडतं. शिवाय धूळ बसते. नर्सरीवाल्या ताईंनी पाण्याबद्दल लिहिलंय तेच मूळ. तेलाने फक्त ते झाकलं जातं.

हळद लाली लपवते, म्हणून नको. कडुनिंबाचं तेल, कापूर, डांबरगोळ्या, रॉकेल, कुत्र्याची गोचीड-पावडर : एकही नको. डेटॉलही नको, पातळ करूनही.

मुंग्या आणि माश्या : शहरातल्या बचाव पथकाकडून

मुंग्या लागलेलं पिल्लू पाण्यात धरू नका. रंगवायच्या मऊ ब्रशने झाडा, मग तोंडाच्या आत, नाकपुड्या, कान, पापण्यांच्या फटी, गुदद्वार टॉर्चने तपासा. जिभेखाली एखादी राहते.

माशीची अंडी तांदळाच्या कणीसारखी, पांढरट, पुंजक्याने. ऊब दिली की लवकर फुटतात, म्हणून शेक सुरू करताच पहिल्या काही मिनिटांत ती काढायची. ओली अंडी घसरतात, कोरडी निघतात. त्यामुळे कोरडा टूथब्रश किंवा उवांची बारीक फणी, आणि जखमेतल्या अळ्यांना बोथट चिमटा. नंतर मेडिकलमधल्या सलाइनने धुवा. दर तासाला पुन्हा बघा, एक राहिलीच असते.

गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन घालतात, ते इथे चालत नाही. तो बोळा बैलाच्या खांद्याला ठीक आहे. पिल्लाच्या अंगात ते कातडीतून जातं आणि तासाभरात झटके येतात. किड्यांचा जांभळा-चंदेरी फवाराही त्याच कारणाने नको.

इंटरनेटवर कातडीखाली मोठी गाठ आणि मध्ये भोक असे अमेरिकन खारींचे फोटो असतात. ती तिकडच्या माशीची अळी. आपल्याकडच्या खारीला गाठ असेल तर ती बहुधा गळू, आणि गळू बहुधा मांजराच्या दाताचं.

पुन्हा पशुवैद्यक

मांजराचा मुद्दा निघालाच आहे तर : दाताचं भोक टाचणीएवढं असतं, केसांखाली दिसत नाही. मांजराने तोंडात धरलं एवढं कळलं तरी प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, जखम दिसो न दिसो. वरून लावायला पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ. बाटली "सोल्युशन"ची घ्या. "स्क्रब"मध्ये साबण असतो, गुळण्यांच्या बाटलीत चव.

एका बाजूचीच कातडी लाल, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळी कडक : हे भाजणं. बल्ब किंवा गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लागलेली असते. पिशवीवर दोन पदरी कापड आणि खोक्याचा अर्धाच भाग गरम, म्हणजे पिल्लाला सरकता येतं. भाजल्यावर सिल्व्हर सल्फाडायझिन 1 टक्का, पातळ थर, काळी साल ओढायची नाही.

हात आणि खोकी

नायटा माणसाला होतो. हातमोजे, आणि त्या पिल्लाचं काम सर्वांत शेवटी. बुरशीचे बीजाणू कापडात महिनोन् महिने तग धरतात. पुठ्ठ्याचं खोकं जाळा. प्लास्टिकचं आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून धुवा, उन्हात वाळवा. ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत पिल्लू आत नको.