एलएलबी अंतिम परीक्षा: समस्याप्रधान प्रश्नात जुने कलम लिहावे की नवे? मार्गदर्शन हवे आहे

बालाघाट:

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वकीलसाहेबांकडे कारकून आहे आणि काम सांभाळून एलएलबी करीत आहे. सत्राची अंतिम परीक्षा तोंडावर आली असून फौजदारी कायदा आणि पुरावा कायदा हे दोन्ही पेपर मी मराठीतून लिहिणार आहे. व्याख्या, टिपा, फरक स्पष्ट करा या प्रश्नांची मला फारशी चिंता नाही, कारण ते पाठांतरावर निभावतात. अडचण आहे ती घटना देऊन ‘आरोपीची जबाबदारी ठरवा’ असे विचारणाऱ्या प्रश्नांची.

1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता (दंड संहितेऐवजी), नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी) आणि साक्ष्य अधिनियम (1872 च्या पुरावा अधिनियमाऐवजी) हे तिन्ही नवे कायदे लागू झाले, तरी आमच्या न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावर जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदतात. एका प्रकरणासमोर खुनाचे जुने कलम 302 असते आणि त्याच्याच खालच्या ओळीत नवे कलम 103. पक्षकार अजूनही ‘तीनशे दोन लागले का’ असेच विचारतात, आणि फसवणुकीचे कलम आता 318(4) झाले म्हणून कोणी ‘चारशे वीस’ म्हणायचे थांबेल असे मला वाटत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तके बहुतांशी जुन्या संहितेवरची आहेत. बाजारातील नव्या मार्गदर्शकांत जुन्या-नव्या कलमांचे तक्ते भरपूर आहेत, पण उत्तर उभे कसे करावे याविषयी एक ओळ सापडत नाही.

सरावासाठी घेतलेला प्रश्न असा आहे: ‘अ आणि ब हे शेजारी शेतकरी आहेत. 3 मे 2024 रोजी बांध कोरण्यावरून त्यांच्यात बाचाबाची झाली आणि अ ने हातातील काठीचा एकच फटका ब च्या डोक्यात मारला. त्याच दिवशी गुन्हा नोंदविण्यात आला. ब ने रुग्णालयात जबाब दिला आणि उपचार सुरू असताना 10 जुलै 2024 रोजी तो मरण पावला. अ कोणत्या गुन्ह्यास जबाबदार आहे?’

फटका जुन्या कायद्याच्या काळात बसला आणि मृत्यू नव्या कायद्याच्या काळात झाला, तर कोणती संहिता लावावी? दोन्ही कलमे लिहिल्यास परीक्षकांना ती पळवाट वाटेल का? खून आणि सदोष मनुष्यवध अशा दोन्ही बाजू मांडाव्यात की थेट एका निष्कर्षावर यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळाकोट:

बालाघाट, आपण निवडलेला प्रश्न उत्तम आहे, कारण त्यात तक्ता पाठ असणारा विद्यार्थी हमखास फसतो.

सुरुवात संविधानापासून करा. अनुच्छेद 20(1) नुसार, कृत्य करतेवेळी जो कायदा अमलात होता त्याचाच भंग पाहिला जातो आणि त्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा देता येत नाही. अ चे कृत्य 3 मे रोजी पूर्ण झाले. मृत्यू हा त्या कृत्याचा परिणाम आहे आणि तो पुढे झाला म्हणून कृत्याची तारीख सरकत नाही. त्यामुळे येथे भारतीय दंड संहिताच लागेल, आणि न्याय संहितेच्या कलम 358 मधील व्यावृत्तीनेही (जुन्या कायद्याखालील जबाबदारी कायम ठेवणाऱ्या तरतुदीनेही) हीच स्थिती राखली आहे.

हा केवळ आकड्यांचा प्रश्न नाही, हे उत्तरात अवश्य दाखवा. सदोष मनुष्यवधाची शिक्षा सांगणाऱ्या जुन्या कलम 304 च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतचा कारावास होता आणि किमान शिक्षा नव्हती. न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये त्याच प्रकारासाठी किमान पाच वर्षे ठेवली आहेत. अ ला कलम 105 लावल्यास त्याला कृत्याच्या वेळी अस्तित्वात नसलेली किमान शिक्षा लागू होईल. एवढे एक वाक्य लिहिलेत, तरी तारीख का महत्त्वाची हे आपल्याला कळले आहे हे दिसून येते.

प्रक्रियेचे सूत्र मात्र वेगळे आहे. तपास 1 जुलैपूर्वीच सुरू झाला होता, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 531(2)(अ) प्रमाणे तो जुन्या प्रक्रिया संहितेनुसार पुढे चालेल, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 170(2) मुळे पुरावाही 1872 च्या अधिनियमाने तपासला जाईल. म्हणजे ब चा मृत्यूपूर्व जबाब येथे कलम 32(1) खाली येतो, नव्या कलम 26 खाली नाही. परीक्षकांनी तारखा बदलून ‘घटना मे महिन्यातील, पण फिर्याद ऑगस्टमध्ये’ असे विचारले, तर गुन्हा दंड संहितेखालीच राहील आणि प्रक्रिया मात्र नवी लागेल.

दुधनाकाठ:

मी अनेक वर्षे विधी विषय शिकविला आणि उत्तरपत्रिकाही तपासल्या. काळाकोट यांनी कायदा नेमका सांगितला आहे, म्हणून मी केवळ लेखनाविषयी लिहिते.

बालाघाट, दोन्ही कलमे जरूर लिहा, परंतु लागू होणारे कलम वाक्यात आणि दुसरे ‘आता न्याय संहितेचे कलम 101’ अशा जोडउल्लेखात येऊ द्या. दोन्ही कलमे तिरप्या रेघेने जोडून निर्णय परीक्षकांवर सोपविणारी उत्तरपत्रिका मला कधीच पटली नाही. प्रश्नात तारीख दिलेलीच नसेल, तर नवा कायदा गृहीत धरला आहे असे पहिल्याच ओळीत नोंदवून पुढे जावे.

दोन्ही बाजू मांडणे आवश्यक आहे, कारण गुण तेथेच असतात. खुनाची व्याख्या देणाऱ्या जुन्या कलम 300 चा तिसरा खंड घ्या आणि 1958 च्या विरसा सिंग निवाड्यातील कसोटी एकेक पायरीने या घटनेला लावा: इजा कोणती झाली, तिचे स्वरूप काय, नेमकी तीच इजा करण्याचा इरादा होता का, आणि निसर्गक्रमानुसार ती मृत्यूस पुरेशी होती का. त्यानंतर त्याच कलमाच्या अपवाद 4 कडे या, ज्यामुळे अचानक भांडणातील मृत्यू खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पूर्वनियोजन नाही, अचानक झालेले भांडण, रागाच्या भरातील एकच फटका, गैरफायदा किंवा क्रूरपणा नाही. अनेक विद्यार्थी येथे अपवादाची संपूर्ण व्याख्या उतरवून काढतात आणि काठीचा, डोक्याचा, ‘एकच’ या शब्दाचा उल्लेखही करीत नाहीत. ती व्याख्या परीक्षकांना पाठ असते, त्यांना आपल्याकडून काठी हवी असते. काठी हातात आधीपासून होती की मुद्दाम घरातून आणली होती, हे प्रश्नात नाही; तेव्हा ‘ती मुद्दाम आणल्याचे सिद्ध झाल्यास निष्कर्ष बदलेल’ असे लिहिण्याने उत्तराचे वजन वाढते. शेवटी मात्र एका निष्कर्षावर ठाम राहावे. माझ्या मते येथे कलम 304 बसते. त्यातही दुसरा भाग अधिक योग्य आहे, कारण मृत्यू घडवून आणण्याचा इरादा या घटनेतून निघत नाही.

एखादा निवाडा नावासह नक्की आठवत असेल तरच लिहावा. चुकीच्या वर्षापेक्षा केवळ पक्षकारांची नावे बरी.

बालाघाट:

काळाकोट साहेब आणि दुधनाकाठ ताई, आपले मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे. याच प्रश्नात शेजारच्या शेतातील मुलाने मोबाईलवर भांडणाचे चित्रीकरण केले होते असे जोडले, तर पुराव्याच्या पेपरात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा मुद्दा कसा मांडावा?

काळाकोट:

त्यासाठी आपल्याच मराठवाड्यातील निवाडा आहे. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीतून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हे प्रकरण उभे राहिले. नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले असा आक्षेप होता आणि तो निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावर आधारलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर न करता त्यातील प्रत दाखल करावयाची असेल, तर जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम 65ब(4) चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. त्या प्रकरणात वारंवार मागणी करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते, म्हणून अर्जदारांना त्यातून सूट मिळाली. ही बाजूही लिहा, अन्यथा निवाडा अर्धाच राहतो.

आपल्या प्रश्नात त्या मुलाने स्वतः साक्षीला येऊन ज्यावर चित्रीकरण झाले तोच मोबाईल हजर केला, तर तो प्राथमिक पुरावा ठरतो आणि प्रमाणपत्राची गरज उरत नाही. चित्रफीत पेन ड्राईव्हवर घेऊन दिली, तर प्रमाणपत्र लागेल. तपास 1 जुलैपूर्वीचा असल्याने येथे 65ब च लिहावे. घटना नव्या काळातील असेल, तर साक्ष्य अधिनियमाचे कलम 63(4) आणि अनुसूचीतील दोन भागांचे प्रमाणपत्र येते, त्यातील भाग अ पक्षकाराने आणि भाग ब तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात चित्रफितीचे हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळण्याची संगणकीय खूण) नमूद करावे लागते, हे बहुतेक विद्यार्थी विसरतात.