जमिनीवर बसून धनुष्याने हरणाची शिकार : नाशिकमध्ये राहून तयारी कशी करावी?

गंगापूररोडकर
नमस्कार. मी काही वर्षांपासून नाशिकमध्ये कंपाउंड धनुष्याने (टोकांना कप्प्या असलेले आधुनिक धनुष्य) तिरंदाजीचा सराव करीत आहे. माझे मेहुणे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतात आणि तेथील कायद्यानुसार परवाना घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार करतात. येत्या नोव्हेंबरात त्यांनी मला सोबत बोलावले आहे. तेथे बहुतेक शिकारी झाडावर मचाण बांधून बसतात. परंतु गुडघ्यांच्या त्रासामुळे मला शिडी चढणे जमणार नाही, म्हणून जमिनीवरच बसावे लागेल. ५० मीटरवरील लक्ष्यावर माझे बाण समाधानकारक लागतात. एवढे पुरेसे आहे काय? नसल्यास येथे कोणता सराव करावा, आणि त्यासाठी इगतपुरी किंवा पेठच्या रानात जाता येईल काय?

परतलेला_पाहुणा
नोकरीनिमित्त मी अमेरिकेच्या त्याच भागात राहिलो आहे आणि जमिनीवरूनच शिकार करीत असे, म्हणून सविस्तर लिहितो. आपली ५० मीटरची नेमबाजी तेथे फारशी कामी येणार नाही, कारण जमिनीवरून बाण सोडण्याचे अंतर साधारणतः २० मीटरच्या आत असते. धनुष्याचा बाण सेकंदाला ८० मीटरच्या आसपास जातो, तर प्रत्यंचेचा आवाज ३४० मीटर. म्हणजे बाण पोहोचण्यापूर्वी हरणाने आवाज ऐकलेला असतो आणि उडी घेण्यासाठी ते अंग खाली दाबू लागते. २० मीटरवर त्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही मिळत नाही. ४० मीटरवर मात्र त्याच्या दुप्पट वेळ मिळतो आणि अचूक नेमही चुकीच्या जागी लागतो.

खरी अडचण नेमाची नसून प्रत्यंचा ओढण्याची आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३०० अंशांचा परिसर दिसतो, आणि मचाणावर असताना मिळणारा उंचीचा आडोसा आपल्याला नसतो. त्यामुळे हरणाचे डोके झाडाच्या बुंध्याआड गेले की त्याच क्षणी प्रत्यंचा ओढून घ्यावी आणि ते पुढे येईपर्यंत तशीच धरून ठेवावी. ६० पौंडांचे कंपाउंड धनुष्य पूर्ण ओढल्यावर ८० टक्के ताण कमी होत असेल, तर हातात १२ पौंडच धरावे लागतात. तरीही मिनिटभर न थरथरता धरणे सोपे नाही. घरी बुटक्या स्टुलावर बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढण्याचा सराव करावा. पूर्ण जोर लावल्याशिवाय असे ओढता येत नसेल, तर ताणाचे पौंड खुशाल कमी करावेत. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान ३० पौंडांची अट आहे.

कापडी लपण (आत लपून बसण्याचा छोटा तंबू) वापरणार असाल तर ते मेहुण्यांकडून आधीच लावून घ्यावे, म्हणजे हरणांना त्याची सवय होते. मागच्या खिडक्या पूर्ण बंद ठेवाव्यात आणि आत काळे कपडे घालावेत; पाठीमागून प्रकाश आला की माणसाची आकृती लगेच उमटते. आणखी एक बाब नवख्यांच्या ध्यानात येत नाही : डोळ्यापेक्षा बाण काही इंच खाली असतो, म्हणून खिडकीतून हरीण स्वच्छ दिसत असतानाही बाण चौकटीला घासू शकतो.

वाऱ्याविषयी मात्र तडजोड नाही. हरणाकडून आपल्याकडे वारा येत असेल तरच तेथे बसावे. गंधनाशक फवाऱ्यांवर माझा विश्वास नाही. संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की वर सरकते. हे त्र्यंबकच्या डोंगरउतारावरही टाल्कम पावडरची चिमूट उडवून शिकता येते; त्यासाठी धनुष्य सोबत नेण्याचे काहीच कारण नाही.

वकील_सिडको
शेवटचे वाक्य मी ठळक करून वाचावयास सांगेन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि याच कायद्यातील ‘शस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिकारीचा प्रयत्न हीदेखील शिकारच ठरते. पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्यांच्या बाबतीत, आणि त्यात आपल्या येवला तालुक्यातील ममदापूरची काळविटे आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात तर लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करणेच कलम ३१ खाली निषिद्ध आहे. ‘मी केवळ सराव करीत होतो’ हे स्पष्टीकरण वनरक्षकाने का मानावे? आपला सराव मैदानावरच करावा.

जुना_तिरंदाज
मी स्वतः शिकारीच्या बाजूचा नाही; परंतु करावयाचीच असेल तर जनावराचे हाल होऊ नयेत, एवढ्यासाठी लिहितो. मैदानावर बाण चुकला तर गुण जातात, तेथे जखमी हरीण रानात निघून जाते. हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम आठ-दहा इंचांचे वर्तुळ होते. हरीण पूर्ण आडवे किंवा किंचित पाठमोरे तिरके उभे असेल तरच बाण सोडावा. समोरून छाती दिसते, पण पुढची हाडे आड येतात. जमिनीवरून सोडलेला बाण आडवा आरपार जाऊन पुढेही बराच उडतो. मचाणावरचा बाण मातीत रुततो. म्हणून हरणाच्या मागे काय आहे हे आधी पाहावे. तसेच बाण छातीच्या वरच्या भागात लागला, तर दोन्ही छिद्रे उंचावर राहतात आणि रक्ताचा माग उशिरा सुरू होतो. नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याकडे असावा.

बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे असते, तेथे अर्धा तास थांबले तरी चालते. गडद रक्त यकृताचे, तेथे चार ते सहा तास थांबावे. बाणाला हिरवट घाण व दुर्गंध असेल तर आठ-बारा तास. घाई केल्यास हरीण दूर पळते आणि मिळतच नाही.

कॅमेऱ्याने सराव करण्याची सूचना मी आवर्जून करेन. गंगापूर धरणाच्या काठी झुडपाआड बसून, बगळे न उडता कॅमेरा डोळ्यापर्यंत नेता आला, म्हणजे प्रत्यंचा ओढण्याची अर्धी कला आली.

गंगापूररोडकर
सर्वांचा आभारी आहे. रानात धनुष्य नेण्याचा विचार सोडला. दोन शंका उरतात : माझा जन्म १९७८ चा आहे, तर तेथे काही प्रशिक्षण सक्तीचे आहे काय? आणि शिंगे येथे आणता येतील काय?

परतलेला_पाहुणा
विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करण्याची सोय आहे. मेहुणे सोबत असल्याने आपणांस तीच सोयीची. नोव्हेंबरातील बंदुकीच्या हंगामात धनुर्धाऱ्यांनाही भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात, याची तारखा ठरविताना आठवण ठेवावी. हरणाला नारिंगी रंग फारसा वेगळा दिसत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको.

शिंगांचा मोह सोडावा. वन्यप्राण्यांचे अवयव सामानातून आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ती मेहुण्यांच्या भिंतीवर शोभतील. त्या राज्यात २००२ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळतो, म्हणून डोके व मानेतील लसिका ग्रंथींचे नमुने तपासणीला द्यावेत आणि निकाल हाती येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवावे.