ईआरपी पडते ती शेठच्या लाल डायरीमुळे (इंदूरकरांनी मत द्यावं)

रामबागवासी
२२ वर्षं सांवेर रोडच्या कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवतोय. माझं मत सरळ आहे: सॉफ्टवेअर क्वचितच पडतं, मालकच कच खातो. मागे एका पॅकिंग युनिटमध्ये आयटम मास्टर, म्हणजे सिस्टीममधली मालाची मूळ यादी, उघडला, तर एकच बोल्ट तीन नावांनी. 'बोल्ट १२ एमएम', 'एम१२ बोल्ट' आणि 'बोल्ट मोठा'. माल एका नावावर जमा, दुसऱ्या नावावर खर्ची. रॅकवर ४० नग, स्क्रीनवर उणे १५! म्हटलं, हे निस्तरायला स्टोअरचा जुना माणूस दोन महिने मोकळा द्या. शेठ म्हणाले, "मग माल कोण काढणार?" आणि दिला नवशिका पोरगा. आठ महिन्यांनी शेठच्या खिशात हाताने हिशेब लिहायची तीच लाल डायरी.

स्टोअरवाला
भिया, तो जुना माणूस म्हणजे मीच समजा. पीथमपूरला आमच्याकडे सिस्टीम आली तेव्हा गाडी आत घ्यायला ११ रकाने. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) नंबर टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. इकडे शेठ फोनवरच सांगतात, "दोन टन पत्रा पाठव," पीओ निघतो चार दिवसांनी. भर पावसात ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागे अजून तीन गाड्या. घेतलं वहीत लिहून, संध्याकाळी भरू म्हणून. ती संध्याकाळ काही उगवली नाही. डेमो एसी केबिनमध्ये झाला होता, गेटवर कुणी फिरकलंसुद्धा नाही.

हिशेबनीस_ताई
दादा, प्रत्येक सवयीला रकाना करून दिला तर काय होतं ते लिडलला विचारा. जर्मनीची ही दुकानसाखळी मालाची किंमत खरेदीभावाने धरायची, त्यांनी घेतलेल्या 'सॅप' या ईआरपीची पद्धत विक्रीभावाची. सवय सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसले. सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ साली प्रकल्प गुंडाळला. उलट जीएसटी बघा. १ जुलै २०१७ ला आला, कुणाची हौस नव्हती, तरी सियागंजातल्या माझ्या सगळ्या व्यापाऱ्यांनी रिटर्न भरले. सक्ती लागते!

स्टोअरवाला
ताई, चुकीचं उदाहरण घेतलंत. जीएसटीआर-१, २ आणि ३ असे तीन फॉर्म ठरले होते ना? पोर्टल अडकायचं, तारखा वाढायच्या, शेवटी २ आणि ३ बाजूलाच ठेवले आणि तात्पुरता म्हणून आणलेला जीएसटीआर-३बी हा सोपा गोषवारा फॉर्म कायमचा झाला. सरकारसुद्धा वाकलं, तुमचा कन्सल्टंट वाकत नाही.

हिशेबनीस_ताई
हं. हे मान्य. पण वाकलं ते फॉर्मपुरतं. कच्च्या वहीवर रिटर्न चालेल असं काही कुणी म्हटलं नाही.

रामबागवासी
तारखेचंही बोला कुणीतरी. अमेरिकेच्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचं ईआरपीचं काम ३० महिन्यांत कोंबलं आणि जुलै १९९९ मध्ये, हॅलोविन या तिकडच्या चॉकलेट-गोळ्यांच्या सणाच्या ऐन तोंडावर, सिस्टीम चालू केली. गोदामात चॉकलेट होतं, तरी १० कोटी डॉलरपेक्षा जास्तीच्या ऑर्डरी अडकल्या. आपल्याकडे तीच हौस १ एप्रिलची. मार्चमध्ये माणसं डिस्पॅचमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली, आणि आम्ही ट्रेनिंग देतोय. यात मीही दोषी आहे, शेठपुढे 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

स्टोअरवाला
बरं, त्या उणे १५ बोल्टांचं पुढे काय झालं?

रामबागवासी
पोराने चौथं नाव उघडलं. 'बोल्ट १२ नवीन'.