भात कापल्यावर हिवाळी चारा पेरा, मान्य. पण गुरं रानात सोडायची कुणाच्या भरवशावर?

शहापूरकर (मुलुंड):
परवा इथे एकाने लिहिलं, ठाणे-रायगडचा शेतकरी आळशी आहे. भात कापला की जमीन पुढच्या पावसापर्यंत पडीक टाकतो. ओट नाहीतर बरसीम (शेंगवर्गी हिरवा चारा) पेरावं, जनावरं सरळ त्यातच चरायला सोडावी, वैरणीचा खर्च वाचेल. गप्प बसणार होतो, पण तो 'आळशी' शब्द झोंबला.

आमच्याकडे शहापूरला हळवं भात ऑक्टोबरात निघतं, गरवं नोव्हेंबरात. बरसीमची पेरणी ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. म्हणजे गरव्याच्या खाचरात ती वेळ निघूनच जाते. पहिली कापणी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, पुढच्या महिन्या-महिन्याने, आणि फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे ऊन तापतं. पंजाबच्या थंडीचा हिशोब मुरबाड-शहापूरला लावून कसं चालेल? आणि पंजाबातसुद्धा बरसीम कापून गोठ्यात घालतात, त्यात गुरं सोडत नाहीत.

अंगओलीवर, म्हणजे भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, आमच्याकडे वाल येतो, हरभरा येतो. ओटाला मात्र चार-पाच पाणी द्यावीच लागतात. ज्याच्या विहिरीला जानेवारीत तळ दिसतो, त्याला आळशी म्हणू नका.

नव्या_वाटा (ठाणे):
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. कारणं सांगणारे पिढ्यान्‌पिढ्या कारणंच सांगतात. माझ्या आतेभावाने कर्जतला ओट केला. झटका मशीन, म्हणजे हलका विजेचा झटका देणारी कुंपणाची तार, लावून रानाचे पट्टे पाडले, आज हा पट्टा, उद्या तो. गाई चरतात, शेण तिथेच पडतं, कापायला माणूस लागत नाही. मजूर मिळत नाही म्हणून रडता, मग चरू द्या की!

गोठेवाला (गोरेगाव):
आमच्या म्हशी दावणीलाच असतात, चरायचा प्रश्नच नाही. पण ओला चारा विकत घेऊन कंबर मोडली आहे. आरेच्या बाजूला पॅरा गवत मिळतं, त्यात पोट भरतं, ताकद मिळत नाही. लसूणघास हा बरसीमसारखाच शेंगवर्गी चारा, त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास, ओटात त्यापेक्षा बरीच कमी. कुणी लसूणघास पिकवून रोज गाडी पाठवत असेल तर मी घ्यायला तयार आहे. एकमेकांना आळशी म्हणण्यापेक्षा ते बघा.

कोरडवाहू (डोंबिवली):
रोज गाडी पाठवायची, पण पाणी कुठून आणायचं? मुंबईला पाणी देणारं भातसा धरण शहापुरात, तानसा शहापुरात, आणि उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावणारी माणसंही शहापुरातलीच. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते. आधी ते पाणी आमच्या शेताला सोडा, मग आम्हाला पिकं शिकवा.

नव्या_वाटा:
चाऱ्याचं बोलतोय, धरण कुठून आलं मध्ये? मुंबईकर पाणीपट्टी भरतो, फुकट पीत नाही.

कोरडवाहू:
पाणीपट्टी पालिकेच्या खात्यात जाते. माझ्या मामाची जमीन धरणात गेली, त्याच्या उरलेल्या शेताला कालवा नाही, पाड्यात नळ नाही. त्याच्यासमोर उभं राहून म्हण की तू आळशी आहेस. आहे हिंमत?

नव्या_वाटा:
अरे-तुरे करू नका. सगळ्यांचा मामा धरणात गेलेला नाही. ज्यांच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी आहे, तेही पडीकच टाकतात. मी त्यांच्याबद्दल बोललो.

कोरडवाहू:
मग तसं लिहायचं होतं. तालुकेच्या तालुके आळशी ठरवलेत.

माहेर_जुन्नर (कांदिवली):
भांडणं बाजूला ठेवा, एक ऐका. आमच्या वडिलांची गाभण गाय सकाळी दवातल्या लसूणघासात शिरली. डावी कूस ढोलासारखी फुगली. गोडेतेल पाजलं, डॉक्टर येईपर्यंत गाय गेली. आई जेवली नव्हती त्या दिवशी. बरसीमचंही तसंच. आधी कडबा किंवा पेंढा पोटात जाऊ द्यायचा, दव उतरू द्यायचं, मग हिरवं, तेही मोजून. 'सरळ चरायला सोडा' असं लिहिणाऱ्याने हे लिहायलाच हवं होतं.

नव्या_वाटा:
ताई, हे राहिलं, मान्य. पण आतेभावाचा ओट आहे, ओटाने गाय अशी फुगत नाही.

शहापूरकर:
ओटाचं मी कुठे नाकारलं? माझं भांडण गुरं सोडण्याशी आहे. भात झोडून झालं की आमच्याकडे गावभरची गुरं मोकाट असतात. माझ्या एका हिरव्या तुकड्यावर सगळी तुटून पडणार. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा आहे, पण सख्ख्या चुलत्याचा बैल कोंडवाड्यात घालून बघा, लग्नाची पत्रिकाही येत नाही पुढे. म्हणून गावानेच ठरवलं पाहिजे की होळीपर्यंत गुरं बांधून ठेवायची. ते ठरलं तर मीही पेरीन, पण राहुरी कृषी विद्यापीठाच्या 'फुले हरिता' वाणाचा ओट, विहिरीजवळच्या खाचरात, जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचा म्हणजे पुन्हा फुटतो. बरसीम आमच्या आंबट तांबड्या मातीत मी टाकणार नाही.

नव्या_वाटा:
म्हणजे पेरणार तर! एवढं लिहून शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

शहापूरकर:
पेरण्यावर आलो, सोडण्यावर नाही. आतेभावाला विचारा, झटका मशीनला खर्च किती आला आणि गावच्या मोकाट गुरांनी ती तार किती वेळा तोडली. दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढे बोलू.