ओल्या लाकडाचे वाडगे तडकतायत, तातडीने मदत हवी

राजापूरकरीण: परसातलं झाड गेल्या आठवड्यात वाऱ्याने आडवं झालं. आईने लावलेलं. बुंध्याचे ठोकळे करून लगेच लेथवर तीन वाडगे कातले. लाकूड इतकं ओलं की पटाशी टेकवली की तोंडावर पाणी उडत होतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही तडकलेले, एकात तर नख जाईल एवढी फट. पुढच्या महिन्यात आईला सत्तर पूर्ण होतात, तिला याच झाडाचं काहीतरी द्यायचंय. 'वर्षभर थांबा' सोडून काहीही सांगा.

वखारवाला: झाड कसलं? वाडग्याची जाडी किती? कातून कुठे ठेवले?

राजापूरकरीण: कापा. जाडी अर्धा इंच, कुठे कुठे जास्त. पंख्याखाली ठेवले, लवकर सुकावेत म्हणून.

वखारवाला: म्हणजे फणस. पंखा आधी बंद करा. वरचं सुकतं, आतलं ओलंच राहतं, मग फाटणारच. अख्ख्या गोल ठोकळ्यातून कातलेत का? मधला गाभा वाडग्यात आलाय?

पन्हाळकर: तीन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये कमी पॉवरवर फिरवा, मध्ये थंड होऊ द्या. माझे वाडगे एका दिवसात सुकले.

वखारवाला: आणि माझ्या मेहुण्याचा आतून जळून काळा झाला. नवशिक्यांना हे सांगू नका.

पन्हाळकर: त्याने पॉवर कमी ठेवली नसणार. दर वेळी वजन करायचं, घटायचं थांबलं की झालं. मी दहा-बारा केलेत.

सह्याद्री७: फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. परवानगी घेतली होती का?

राजापूरकरीण: वाऱ्याने पडलं हो! आणि हो, गाभा तिन्हींत आहे, बुडाशी मधोमध. तडे तिथूनच निघालेत.

वखारवाला: तिथेच चुकलं. लाकूड वलयांच्या दिशेने आक्रसतं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. गाभा आत अडकला की ताण सुटायला जागाच नाही. उरलेले ठोकळे गाभ्यातून उभे चिरा, मधली इंच-दीड इंचाची पट्टी काढून टाका. दोन्ही तोंडांना आजच मेण किंवा ऑइलपेंट लावा.

कातकाम_सावंतवाडी: आमच्याकडे लाकडी फळं पांगाऱ्याची करतात, हलकं आणि मऊ लाकूड. फणस मात्र देखणा. दक्षिणेत सरस्वती वीणा याचीच करतात. मुदत महिन्याची असेल तर एक उपाय: ओलं असतानाच एकदम पातळ काता, तीन-चार मिलिमीटर, सगळीकडे एकसारखं. मग ढलप्यांसकट कागदी पिशवीत गुंडाळून घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. वाडगा थोडा लंबगोल होईल, पण शक्यतो तडकणार नाही. गोलच हवा असेल तर व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाडी ठेवून कातायचा आणि सुकल्यावर परत कातायचा, त्याला महिने लागतात.

पन्हाळकर: लंबगोल वाडगा आईला देणार?

राजापूरकरीण: देईन. तिच्या अंगणातला आहे. आज तीन ठोकळे चिरतेय, गाभा काढून. पटाशीला चीक चिकटतोय, त्याचं काय?

कातकाम_सावंतवाडी: खोबरेल तेलाचं फडकं. फणस चिरताना विळीला लावता तसंच.

राजापूरकरीण: आणि हा पिवळा रंग टिकेल का?

कातकाम_सावंतवाडी: नाही. उजेडात हळूहळू तपकिरी होतो. पिवळाधमक असतानाच आईच्या हातात द्या.