सेक्स ऑफेंडर थेरपीचे आकडे कसे वाचायचे? व्हॉलंटियर व्हायच्या आधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमधे राहतो. इथे सर्कल्स ऑफ सपोर्ट म्हणून एक काम चालतं, लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला चार ते सहा व्हॉलंटियर दर आठवड्याला भेटतात, त्याला एकटं पडू द्यायचं नाही आणि त्याच्यावर नजरही ठेवायची. मुळात हे १९९४ ला कॅनडात सुरू झालं. मी फॉर्म भरलाय, पण घरी रोज वाद. नवरा म्हणतो आपल्याला नऊ वर्षांची मुलगी आहे, तू हे कशाला ओढवून घेतेस, असली माणसं सुधारत नसतात.

मी म्हटलं अरे तुरुंगात थेरपी देतात त्यांना, आणि पुरावा शोधायला बसले तर भलतंच सापडलं. इथल्या तुरुंगांत १९९०च्या दशकापासून एक मोठा ग्रुप प्रोग्राम होता, त्यावर न्याय मंत्रालयाचाच रिपोर्ट २०१७ ला आला. कोर्स केलेले २,५६२, न केलेले १३,२१९, सरासरी आठ वर्षांत परत लैंगिक गुन्हा केला कोर्सवाल्यांपैकी १० टक्क्यांनी आणि बाकीच्यांपैकी ८! प्रोग्राम बंद करून होरायझन आणि कायझेन नावाचे दुसरे कोर्स आणले. ग्रुपमधे एकमेकांचे गुन्हे ऐकून ते नॉर्मल वाटायला लागत असावेत अशी शक्यता रिपोर्टमधे दिलीये, ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग २०१९ चा थेरेसा गॅनन वगैरेंचा अभ्यास मिळाला, बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र करून. त्यात परत लैंगिक गुन्हा केला उपचार घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांनी, न घेतलेल्यांपैकी १४.१. आणि क्वालिफाइड सायकॉलॉजिस्ट सतत हजर असेल तिथे फरक जास्त. मला हे पटतं, कारण कोर्स कोण घेतंय याने फरक पडणारच ना.

आता माझे प्रश्न. २०१७ च्या रिपोर्टमधे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, नंतर सारखी माणसं शोधून तुलना केली, मग तो २ टक्क्यांचा फरक थेरपीमुळेच असं म्हणता येतं का? आणि हे सगळे आकडे उघडकीला आलेल्या गुन्ह्यांचे. जी मुलं कुणाला सांगतच नाहीत त्यांचं काय? आई म्हणून मी इथेच अडकते.

इथे कोणी सायकॉलॉजिस्ट असेल, प्रोबेशनमधे काम केलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, भारतातल्या तुरुंगात काम केलेल्यांनी पण. थेरपी न देता नुसतं सोडून देणं मला जास्त भीतीदायक वाटतं, पण ते नवऱ्याला पटेल असं मांडता येत नाहीये. ट्रेनिंग १४ तारखेला आहे.